जादा दिवे लावताना रिले टाळू नका

हेडलाइटच्याच वायरीला जोड मारून जादा दिवे लावले तरी चालतं, असं काही जण म्हणतात. नाही हो, चालत नाही! 55 वॅटचे दोन हॅलोजन 12 व्होल्टवर साधारण 9 अँपिअर ओढतात. मूळ वायर आणि स्विच एवढ्या जादा भारासाठी नसतात. माझ्या गाडीत अशीच जोडणी होती. एका रात्री जळकट वास आला म्हणून कनेक्टर उघडला, तर प्लास्टिक तपकिरी होऊन पिनांना चिकटलेलं.

मग बॅटरीवरून वेगळी जाड वायर घेतली, बॅटरीलगतच 15 अँपिअरचा फ्यूज टाकला आणि रिले (थोड्या करंटच्या सिग्नलवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) बसवला. रिलेचा सिग्नल हाय बीमच्या (लांबच्या झोताच्या) वायरीवरूनच घ्या. म्हणजे समोरून गाडी आल्यावर हेडलाइट लो बीमवर (खालच्या झोतावर) आणली की जादा दिवेही आपोआप विझतात आणि समोरच्याच्या डोळ्यांवर झोत जात नाही. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. एलईडी कमी करंट घेतात, तरी जोडणी अशीच ठेवा.

झोताचा कोन माणसं आणि सामान भरूनच लावा, कारण मागे वजन पडलं की गाडीचं नाक उचलतं. धुक्यात मात्र हे दिवे बंदच ठेवा, सगळा उजेड परत आपल्याच डोळ्यांवर येतो.