अंगावर पिणाऱ्या बाळाच्या शीमध्ये रक्ताची रेघ – मी पिते त्या दुधामुळे?

पिल्लूची आई:
लेक सात आठवड्यांची, फक्त अंगावर पिते. दहा दिवस शी हिरवट, शेंबडासारखी चिकट. काल लंगोटावर लाल दोऱ्याएवढी रक्ताची रेघ दिसली, माझे हातपायच गळाले. गालांवर खरखरीत पुरळ आहे. वजन मात्र वाढतंय. सासूबाई प्रेमानं रोज दुधातली अळिवाची खीर, वर दोनदा पेलाभर दूध देतात. अंगावरचं बंद करू का?

नाशिककर:
अजिबात बंद करू नकोस! पण रक्त दिसलंय, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवच. लंगोटाचा फोटो ने. ताप, सारख्या उलट्या किंवा बाळ मलूल वाटलं तर आजच जा.
माझ्या मुलाचं अस्संच होतं. आपण प्यालेल्या दुधातलं प्रथिन अंगावरच्या दुधात उतरतं. हा लॅक्टोजचा, म्हणजे दुधातल्या साखरेचा, त्रास नव्हे, म्हणून लॅक्टोज-फ्री दुधानं फरक पडत नाही. डॉक्टरांनी मला दूध, दही, ताक, पनीर, खवा 4 आठवडे सोडायला लावलं. बिस्किटांच्या पुड्यावरचं 'मिल्क सॉलिड्स' तेव्हा वाचायला शिकले. बाराव्या दिवशी शी पिवळी झाली. मग त्यांच्याच सांगण्यावरून पुन्हा दूध घेतलं, तिसऱ्या दिवशी रेघ परत! तेव्हा खात्री पटली.

जुळ्यांची आई:
म्हशीचं, शेळीचं चालतं का?

नाशिककर:
नाही गं, प्रथिनं फार मिळतीजुळती. अळीव नारळाच्या दुधात शिजव. नाचणी, तीळ खा. कॅल्शियमच्या गोळीचं डॉक्टरांना विचार.

पिल्लूची आई:
उद्या सकाळची वेळ मिळाली. सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. त्या नारळ खवायला बसल्यात.