इंग्रजी ध्वनिविज्ञानाचा अभ्यास मराठी-कोकणी जिभेने कुठून सुरू करावा?

सत्तरीतील शिक्षिका यांचा प्रश्न

नमस्कार. मी गोव्यातील सत्तरी तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत शिकवते आणि नोकरी सांभाळून इंग्रजी विषयात एम. ए. करते. या सत्रात आम्हाला इंग्रजी ध्वनिविज्ञानाची प्रश्नपत्रिका आहे. १२ शुद्ध स्वर, ८ संयुक्त स्वर आणि २४ व्यंजने मिळून ४४ स्वनिम (अर्थभेद करणारे ध्वनी) पाठ झाले, मुखाची आकृतीही काढता येते. परंतु ध्वनिमुद्रण ऐकवून ‘जहाज’ या अर्थाचा ‘शिप’ कोणता आणि ‘मेंढी’ या अर्थाचा ‘शीप’ कोणता असे विचारले, की माझ्या कानाला दोन्ही सारखेच वाटतात. प्रत्येक इंग्रजी शब्दाखाली देवनागरीत उच्चार लिहिलेली जाड वही मी तयार केली आहे. ही पद्धत योग्य आहे का, की आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी (प्रत्येक ध्वनीला स्वतंत्र चिन्ह देणारी लिपी) शिकण्याला पर्याय नाही? घरी कोकणी आणि शाळेत मराठी बोलणाऱ्या माझ्यासारखीने सुरुवात नेमकी कुठून करावी? आणि उच्चार शेवटी कोणाचे प्रमाण मानायचे, ब्रिटिशांचे की आपले?

फोंड्याहून एक निवृत्त प्राध्यापक

बाई, ती वही परीक्षा होईपर्यंत तरी कपाटात ठेवावी, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. देवनागरीत उणीव आहे म्हणून मी हे सांगत नाही. उलट कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य अशा उच्चारस्थानांच्या क्रमाने लावलेली वर्णमाला आपण पहिलीत शिकतो आणि ध्वनिलिपीचा व्यंजनांचा तक्ता याच तत्त्वावर, फक्त ओठांकडून कंठाकडे, मांडलेला असतो. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय अभ्यासकांनी संस्कृत प्रातिशाख्यांतून, म्हणजे वेदांच्या उच्चारांविषयीच्या प्राचीन ग्रंथांतून, बरेच काही उचलले, त्यामुळे हे साम्य योगायोगाचे नाही. तेव्हा घोष-अघोष (कंठातील कंपनासह किंवा त्याविना), अल्पप्राण-महाप्राण (कमी किंवा जास्त श्वासाचे) या संज्ञा आपल्याला नव्याने शिकाव्या लागत नाहीत, ही मोठी सोय आहे.

अडचण येते ती इंग्रजी ध्वनी आपल्या चौकटीत बसवताना. इंग्रजी ‘टेबल’ मधला पहिला ध्वनी आपल्या ‘ट’ प्रमाणे जीभ मागे वळवून निघत नाही आणि ‘त’ प्रमाणे दातांना टेकूनही निघत नाही. जिभेचे टोक वरच्या दातांमागील हिरडीच्या उंचवट्याला लागते. तिथे आपल्याकडे स्वतंत्र वर्गच नाही, म्हणून आपला कान तो ‘ट’ मध्ये ढकलतो. ‘थिंक’ मधला ध्वनी याच्या उलट: आपला ‘थ’ हा श्वास अडवून सोडलेला महाप्राण स्पर्शध्वनी आहे, तर इंग्रजीत दातांच्या फटीतून हवा अखंड घासत जाते. वहीत ‘थ’ लिहिला की वाचताना जीभ ‘थ’ च म्हणणार.

‘व’ आणि ‘व्ह’ यांचे प्रकरण तर अधिक फसवे आहे. द्राक्षवेलीचा ‘व्हाइन’ आणि मद्याचा ‘वाइन’ वेगळे दाखवण्यासाठी मराठीने ‘व्ह’ ची सोय केली, पण त्यातील हकार इंग्रजीत मुळीच नाही. पहिल्यात खालचा ओठ वरच्या दातांना घासतो आणि दुसऱ्यात दोन्ही ओठ गोल होतात, दातांचा संबंध येत नाही. आपला ‘व’ या दोहोंच्या मधला. आरशासमोर उभे राहून दोन्ही शब्द म्हणून पाहावेत. ओठ दिसतात, त्यामुळे हा फरक कानाआधी डोळ्यांना कळतो.

आणखी एक गोष्ट पाठ्यपुस्तकात बहुधा तळटीपेत असते, ती मी वर आणू इच्छितो. आघात (उच्चारातला जोर) असलेल्या अवयवाच्या, म्हणजे एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या शब्दभागाच्या, आरंभी इंग्रजी ‘प’, ‘ट’, ‘क’ हे श्वासासह उच्चारले जातात, मात्र त्यांच्या आधी ‘स’ आला की तो श्वास नाहीसा होतो. ‘पिन’ आणि ‘स्पिन’ हे शब्द तोंडासमोर कागदाची पट्टी धरून म्हणावेत. पहिल्या वेळी ती हलली नाही, तर आपण मराठी ‘प’ म्हणत आहोत, आणि इंग्रज श्रोत्याला तो कधीकधी ‘ब’ सारखा ऐकू येतो.

ध्वनिलिपी शिकायला फार काळ लागत नाही. ती तयार करणाऱ्या आंतरराष्ट्रीय ध्वनिविज्ञान संघटनेची स्थापना १८८६ साली पॅरिसमध्ये झाली आणि परकीय भाषा शिकवणारे शिक्षक त्यात पुढे होते, म्हणजे ही लिपी तुमच्याच व्यवसायबंधूंच्या गरजेतून आली आहे. ब्रिटिश ध्वनिवैज्ञानिक डॅनियल जोन्स यांचा १९१७ चा इंग्रजी उच्चारकोश सुधारित आवृत्त्यांमधून आजही वापरात आहे.

डिचोलीचा वाचक

प्राध्यापकांनी व्यंजनांचे सांगितले, मी स्वरांपुरते लिहितो. लिहिलेले अक्षर आणि उच्चारलेला ध्वनी एक नसतात, हे गोवेकराला वेगळे शिकवावे लागू नये. सांखळी, केपे, डिचोली ही नावे रोमन लिपीत कशी लिहिली जातात ते कुठल्याही बसच्या पाटीवर पाहावे. पोर्तुगीज वळणाचा शेवटचा ‘एम’ नाकातून निघणाऱ्या स्वराची खूण म्हणून उभा असतो आणि बाहेरगावचा प्रवासी तो ओठ मिटून मोठ्याने म्हणतो. रोमी, म्हणजे रोमन लिपीतील, कोकणीत ‘ण’ आणि ‘ळ’ दाखवायला अक्षर दोनदा लिहितात, तोही एक संकेतच.

‘शिप’ आणि ‘शीप’ यांविषयी: मराठीत ऱ्हस्व-दीर्घ इ-ई चे नियम लेखनात कडक असले, तरी बोलण्यात केवळ त्या फरकाने अर्थ बदलण्याची वेळ क्वचितच येते, त्यामुळे आपल्या कानाला तिकडे लक्ष देण्याची सवय नसते. शिवाय इंग्रजीत हा फरक केवळ लांबीचा नाही. ‘शीप’ मध्ये जीभ अधिक वर आणि पुढे जाते व ओठ ताणले जातात. ‘शिप’ मध्ये ती सैल आणि किंचित खाली राहते. लांबीवर विसंबले तर फसगत ठरलेली, कारण अघोष व्यंजनापूर्वी दीर्घ स्वरही आखडतो: मण्याच्या ‘बीड’ मधला स्वर मारण्याच्या ‘बीट’ मधल्या स्वरापेक्षा बराच लांब असतो. तेव्हा किती वेळ म्हटले हे मोजू नका, जीभ कुठे आहे ते पाहा.

कोकणीचा मात्र येथे खरा लाभ आहे. कोकणीत ‘ए’ दोन आणि ‘ओ’ दोन, एक मिटता आणि एक उघडा. देवनागरीत ते सारखेच लिहिले जातात, पण घरी बोलताना आपण ते चुकवत नाही. आता लेखणीचे ‘पेन’ आणि वेदनेचे ‘पेन’ घ्या. देवनागरीत दोन्ही अगदी एक आणि मराठी वाचकाच्या तोंडीही बहुधा एकच. कोकणी बोलणाऱ्याने पहिल्यासाठी उघडा ‘ए’ घ्यावा, दुसऱ्यासाठी मिटता ‘ए’ घेऊन तो शेवटी ‘इ’ कडे सरकवावा. मिळण्याचा ‘गेट’ आणि फाटकाचा ‘गेट’ याच रीतीने वेगळे होतात. घरात हे भांडवल असताना वर्गात आपण फक्त मराठीच्या आधाराने इंग्रजी शिकवतो, याचे मला नवल वाटते.

मडगावची अनुवादक

वरील दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, परंतु क्रमाविषयी माझा मतभेद आहे. एकेक ध्वनी घासूनपुसून स्वच्छ केला तरी आघात चुकला, तर ऐकणाऱ्याला शब्द कळत नाही. आघात बरोबर असेल तर जरासा मराठी ‘ट’ कोणालाही अडवत नाही. ‘फोटोग्राफ’ मध्ये आघात पहिल्या अवयवावर, ‘फोटोग्राफर’ मध्ये दुसऱ्यावर आणि ‘फोटोग्राफिक’ मध्ये तिसऱ्यावर असतो. तो सरकला की मागे राहिलेले बहुतेक स्वर विरून अस्पष्ट ‘अ’ होतात. हा ‘अ’ इंग्रजीत सर्वांत अधिक वेळा येतो आणि त्याला स्वतःचे असे अक्षर नाही. आपला ‘अ’ त्याच्या पुष्कळ जवळचा आहे, पण स्पेलिंगमध्ये ‘ओ’ दिसला की आपण भरघोस ‘ओ’ म्हणतो. ‘रेकॉर्ड’ हे नाम असताना आघात आधी आणि क्रियापद असताना नंतर, हाही त्याच प्रकारचा खेळ.

बाईंना इंग्रजी बातम्या भरभर वाटत असतील, तर त्याचे कारणही बहुधा येथेच आहे. आपण प्रत्येक अवयवाला साधारण सारखा वेळ देतो. इंग्रजीत ‘कॅन’, ‘टू’, ‘ऑफ’ यांसारखे छोटे शब्द वाक्यात ‘कन’, ‘ट’, ‘अव’ इतके आकसतात. आपला कान पूर्ण शब्दाची वाट पाहत राहतो आणि वाक्य पुढे निघून जाते.

प्रमाण कोणते, या प्रश्नाला मी दोन वेगवेगळी उत्तरे देईन. परीक्षेत अभ्यासक्रमातील ब्रिटिश उच्चारच प्रमाण धरावा, कारण ४४ हा आकडाच त्या उच्चाराचा आहे. अमेरिकी इंग्रजीत ‘कार’ मधला ‘र’ उच्चारला जातो आणि ‘र’ गाळल्याने तयार झालेले संयुक्त स्वर तिथे मोजले जात नाहीत. स्वतः इंग्लंडमध्येही अनेक जण ‘पुअर’ मधला संयुक्त स्वर सोडून ‘पॉ’ सारखा दीर्घ स्वर वापरतात. वर्गात मात्र स्पष्ट भारतीय इंग्रजी पुरेसे आहे. सत्तरीतील मुलांना लंडनचा सूर शिकवण्याचा अट्टहास मला हास्यास्पद वाटतो.

सत्तरीतील शिक्षिका

सर्वांचे आभार. कोकणीच्या दोन ‘ए’ ची युक्ती आजच वर्गात वापरून पाहते. एक शंका उरली आहे: अनेकवचनाचा ‘एस’ कधी ‘स’, कधी ‘झ’, कधी ‘इझ’ असा का होतो? पुस्तकात केवळ याद्या दिल्या आहेत.

फोंड्याहून एक निवृत्त प्राध्यापक

याद्या पाठ करू नका, संधी आठवा. ‘जगत्’ आणि ‘ईश’ यांचे ‘जगदीश’ होताना घोष स्वराच्या सान्निध्याने ‘त्’ चा ‘द्’ होतो. इंग्रजीतही हेच घडते, फक्त दिशा उलट: मागचा ध्वनी पुढच्या प्रत्ययाला आपल्यासारखा करतो. ‘कॅट’ चा शेवट अघोष म्हणून ‘स’, ‘डॉग’ चा घोष म्हणून ‘झ’. शेवटी ‘स’, ‘श’, ‘च’, ‘ज’ यांसारखा घर्षणाचा ध्वनी असेल तर दोन्ही एकमेकांत मिसळू नयेत म्हणून मध्ये स्वर येतो आणि ‘बस’ चे ‘बसिझ’ होते. भूतकाळाच्या ‘ईडी’ लाही हाच नियम लागू आहे: ‘वॉक’ नंतर ‘ट’, ‘प्ले’ नंतर ‘ड’, आणि ‘वॉन्ट’ सारख्या ‘ट’ किंवा ‘ड’ ने संपणाऱ्या धातूंनंतर ‘इड’. काही जुनी विशेषणे याला अपवाद आहेत; शिकण्याचे भूतकाळी रूप ‘लर्न्ड’, पण विद्वान या अर्थाचे विशेषण ‘लर्निड’, आणि ‘नेकिड’ व ‘विकिड’ हेही त्याच गटातले.