पेगन, यूल, पोस्त : हिवाळी सणांच्या भाषांतरात अडकलेय, शब्द सुचवा

रिकामी_वही :
मंडळी, एका मासिकाच्या डिसेंबर अंकासाठी लेखाचं भाषांतर करतेय. विषय असा की ख्रिस्ती धर्म यायच्या आधी युरोपात हिवाळ्याचे जे सण होते त्यात लोक एकमेकांना काय द्यायचे, गरिबांच्या वाट्याला काय यायचं आणि घरोघरी काय बेक व्हायचं. लेख सोपा आहे पण गाडी तीन शब्दांपाशी अडलीय : पेगन, चॅरिटी, बेकिंग. शब्दकोश म्हणतो मूर्तिपूजक, दानधर्म, भाजणे. तिन्ही घालून बघितले तर वाक्य झालं 'मूर्तिपूजक लोक हिवाळ्यात दानधर्म करून भाजत असत'. कोणाला भाजत असत ते विचारू नका. हेल्प!

जुनापुराणा :
'मूर्तिपूजक' आधी खोडा. टॅसिटस नावाच्या रोमन इतिहासकाराने इ.स. ९८ च्या सुमारास जर्मन टोळ्यांबद्दल लिहून ठेवलंय की हे लोक देवांना भिंतीत कोंडत नाहीत आणि माणसासारखी मूर्तीही करत नाहीत, झाडांच्या राया पवित्र मानतात. म्हणजे आपण देवराई म्हणतो तसं काहीतरी. त्यांना मूर्तिपूजक म्हणणं म्हणजे शब्दकोशाच्या भरवशावर इतिहास लिहिणं.
लॅटिनमधे पागुस म्हणजे खेड्यांचा टापू आणि पागानुस म्हणजे तिथला गावकरी. चौथ्या शतकात ख्रिस्ती लोक उरलेल्यांना त्या नावाने बोलावायला लागले. आता होतं काय की ज्याला पेगन म्हणतात तो स्वतःला कधीच पेगन म्हणत नव्हता, तो फक्त सॅटर्न किंवा थोर या आपल्या देवाचा सण करत होता.

टोपणनाव_घेतलेलं_आहे :
मग 'पाखंडी' का नको? तेही दुसऱ्याने ठेवलेलं नाव.

जुनापुराणा :
नको, कारण आज ती शिवी आहे. गंमत म्हणजे गिरनारच्या शिलालेखात अशोक सगळ्या 'पासंडां'चा आदर करतो, तिथे अर्थ नुसता पंथ एवढाच. पण वाचक अशोकाचा काळ डोक्यात ठेवून मासिक वाचत नाही. आणि 'ख्रिस्तपूर्व' तर चुकूनही नको, लोक सरळ इ.स.पूर्व समजतील. 'पेगन'च ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे अर्ध्या ओळीत अर्थ द्या आणि पुढे चला. शिवाय आज हे नाव अभिमानाने लावणारे लोक आहेत. आइसलंडमधे जुन्या नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या, देवांना मानणारी संस्था १९७२ मधे निघाली आणि १९७३ मधे तिला सरकारी मान्यता मिळाली, ते लोक आजही हिवाळ्यात 'योल', म्हणजे यूलच, करतात. त्यांना मूर्तिपूजक किंवा पाखंडी म्हणणार का आपण?

भट्टीवाली :
बेकिंगसाठी 'भाजणे' चुकीचं नाहीये हो ताई, फक्त कर्म लागतं. भाकरी भाजतो, पापड भाजतो, आणि लहानपणी दिवाळीच्या आधी पीठ-तूप-साखर डब्यात घालून बेकरीत न्यायचो ते 'नानकटाई भाजून आणायला'च जायचो, बेक करून आणायला कोणी गेलं नाही. पाव मात्र भाजत नाही, पावाची भट्टी लागते. तर 'गोड पाव', 'भट्टीतल्या पोळ्या', 'भाजलेली बिस्किटं' असं जिथे जो पदार्थ असेल त्याचं नाव घाला, 'बेकिंग' हा एकच शब्द सगळीकडे शोधत बसू नका. पदार्थ कुठले आहेत लेखात?

रिकामी_वही :
रोमचा सॅटर्नेलिया, मग स्कँडिनेव्हियातलं यूल, मग पूर्व युरोपातली कोल्यादा. रोमच्या भागात 'भेटवस्तू' लिहिलंय आणि कोल्यादाच्या भागात 'चॅरिटी'. मला दोन्हीकडे दानधर्म पटत नाहीये पण का ते सांगता येत नाही.

जुनापुराणा :
बरोबर वाटतंय तुम्हाला. सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.
सॅटर्नेलिया १७ डिसेंबरला सुरू व्हायचा आणि पुढे वाढत वाढत २३ पर्यंत गेला. एरवी सॅटर्नच्या मूर्तीच्या पायांना लोकरीच्या दोऱ्या बांधलेल्या असायच्या, सणाला त्या सोडायचे. (हो, रोममधे मूर्ती होती, वरचं जर्मनांबद्दल होतं.) जुगाराला मुभा, टोगा हा औपचारिक झगा घालायचा नाही, गुलामांना मालकाच्या पंगतीला मान. आणि भेटी : मेणबत्त्या आणि मातीच्या छोट्या बाहुल्या. मार्शल नावाच्या कवीने या भेटींसोबत द्यायच्या दोन-दोन ओळी लिहिल्यात, अख्खं पुस्तक आहे, त्यात एक भेट श्रीमंताची की पुढची गरिबाची असं आलटून पालटून चालतं. शेवटाकडे मिठाई करणारा कारागीर येतो ज्याचे हात हजार आकार घडवतात, आणि अगदी शेवटची भेट म्हणजे तुपकट खाऊ : उठा, बेकरीवाला पोरांना न्याहारी विकायला लागलासुद्धा, कोंबडे आरवतायत. भट्टीवाली, हे खास तुमच्यासाठी.
तर या भेटी दान नाहीत, देवाणघेवाण आहे. दुसऱ्या शतकात लुसियन नावाच्या लेखकाने याच सणावर उपहासाने 'कायदे' लिहिले. श्रीमंतांनी आधी मित्रांची यादी करावी, उत्पन्नाचा दहावा हिस्सा बाजूला काढावा, कोणाचं कर्ज थकलं असेल कोणाचं भाडं थकलं असेल ते भागवावं. त्यात गरीब लोक देवाला पत्र लिहून तक्रारही करतात. ते दया मागत नाहीत, वाटणी मागतात. 'दानधर्म'मधे देणारा पुण्य कमावतो, इथे घेणारा हिशेब मागतोय.

टोपणनाव_घेतलेलं_आहे :
पण ती थट्टा आहे ना? थट्टेवरून रिवाज ठरवायचा?

जुनापुराणा :
रिवाज नाही, अपेक्षा ठरते. ज्याची अपेक्षाच कोणाला नाही त्याची थट्टा कोण करेल. पण पुरावा हवाच असेल तर विरोधकांचा घ्या. रोममधे नव्या वर्षाच्या भेटीला 'स्ट्रेना' म्हणायचे, खजूर, अंजीर, मध आणि नाणं. इ.स. ४०० च्या १ जानेवारीला अमासिया गावच्या, आजच्या तुर्कस्तानातल्या अमास्याच्या, अस्टेरियस नावाच्या बिशपने या सणावर प्रवचन झोडलंय. त्याचं रडगाणं असं की पोरं दारोदार फिरतात, चांदीचा वर्ख लावलेली फळं देतात आणि दुप्पट पैसे उकळतात, गवये-बजवय्ये दार ठोठावत बसतात, आणि या सगळ्यात पांगळ्या भिकाऱ्याला काही मिळत नाही. द्यायचंच तर त्याला द्या म्हणतो. म्हणजे चॅरिटी आणि सणाचं देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्या बिशपलाच सगळ्यात नीट कळलेलं होतं!
फ्रेंचमधे तोच शब्द 'एत्रेन' होऊन आजही जिवंत आहे, वर्षअखेरीला पोस्टमनला, बिल्डिंगच्या रखवालदाराला देतात ते. आता मराठीत याला काय म्हणतो आपण?

भट्टीवाली :
पोस्त!! दिवाळीचं पोस्त!

रिकामी_वही :
अगं आई गं. हा शब्द गेली कित्येक वर्षं ऐकलाच नव्हता, हल्ली सगळे 'बोनस'च म्हणतात.

टोपणनाव_घेतलेलं_आहे :
'वाण' पण चालेल की. संक्रांत, हिवाळा, तीळ, सगळं जुळतंय.

भट्टीवाली :
वाण लुटतात, मागत नाहीत. वाण घरी बोलावून देतो, पोस्त मागायला माणूस दारात येतो. लेखात दारात कोण येतंय ते बघा ना.

जुनापुराणा :
बरोब्बर. कोल्यादात दारातच येतात. हा शब्द लॅटिन 'कालेंदाए'वरून, महिन्याचा पहिला दिवस, त्यावरूनच कॅलेंडर. रशिया-युक्रेनमधे पोरं गाणी म्हणत घरोघर जातात आणि त्यातली एक धमकी भारी आहे, जो पिरोग (सारण भरून भाजलेला पाव) देणार नाही त्याची गाय शिंगाला धरून नेऊ. हे दान मागणं नाहीच. देतात ते काय तर भाजलेलं. उत्तर रशियात, अर्खांगेल्स्ककडे, बकरी-हरणाच्या आकाराच्या 'कोझुली', बल्गेरियात गाणाऱ्यांना कड्यासारखे गोल पाव, ते काठीत ओवून घेतात. रोमानियात 'कोलाच', तोही गोलच.

थंडीतला_मी :
फिनलंडमधे राहतो म्हणून दोन पैसे माझे. यूलला इथे 'योउलु' म्हणतात, ख्रिसमसही तोच आणि डिसेंबर महिनाही त्यावरूनच. सांताला 'योउलुपुक्की', शब्दशः यूलचा बोकड. आधी मला वाटलं कोणीतरी मस्करी करतंय. पण १३ जानेवारीला, नूटीच्या दिवशी, पूर्वी पुरुष बोकडाचं सोंग घेऊन घरोघर उरलेलं खाणंपिणं मागत फिरायचे, तर सांताच्या नावात तो मागणारा बोकड शिल्लक राहिला आणि काम मात्र देणाऱ्याचं आलं. हे मला फार आवडतं.
बाजूला स्वीडनमधे एक जुनी पद्धत होती, यूलला केलेला एक पाव खायचा नाही, धान्यात जपून ठेवायचा आणि वसंतात पेरणीच्या वेळी त्याचा चुरा बियाण्यात मिसळायचा, नांगराच्या घोड्यालाही द्यायचा. 'सोकाका' म्हणजे पेरणीची पोळी. भाषांतरात हा शब्द असला तर 'केक' लिहू नका प्लीज.

रिकामी_वही :
आहे, आणि मी 'पेरणीचा केक' लिहिलं होतं. पोळी करते.

एक_शंका :
रसभंग करतो, माफी. लेखात जर असं असेल की हे सगळे पदार्थ पेगन काळापासून चालत आलेत तर मराठीत ती वाक्यं मऊ करा. यूलबद्दल इंग्लंडमधली सगळ्यात जुनी नोंद बीड या साधूची, इ.स. ७२५. तो सांगतो की डिसेंबर-जानेवारी दोन्ही महिन्यांचं नाव 'गिउली' आणि नाताळच्या रात्रीला लोक 'आयांची रात्र' म्हणत. संपलं. काय खायचे याबद्दल एक अक्षर नाही. पुढे तेराव्या शतकात स्नोरी नावाच्या आइसलंडच्या लेखकाने लिहिलंय की नॉर्वेच्या हाकोन राजाने योल नाताळच्या दिवसाला जोडलं आणि घरटी बिअर ठरवून दिली. बिअर आहे, बिस्किटं नाहीत. ओंडक्याच्या आकाराचा फ्रेंच केक तर एकोणिसाव्या शतकातला. 'हजारो वर्षांची परंपरा' लिहिलं की वाचक खूश होतो पण ते खरं असावं लागतं.

जुनापुराणा :
सहमत. जिवंत उदाहरण हवं असेल तर युरोपात कशाला जायचं, पाकिस्तानात चित्रालच्या दऱ्यांमधे कलाश लोक आहेत, आजही जुने देव मानतात, डिसेंबरात 'चाउमोस' करतात आणि त्यात कणकेची रानबकरी वगैरे प्राणी करून भाजतात. भाषा आपल्याच इंडो-आर्यन कुळातली. आजूबाजूचे त्यांना काफिर म्हणत आले. पेगनचा सगळा प्रश्न पुन्हा तिथेच.

थंडीतला_मी :
अवांतर : 'नाताळ' पोर्तुगीजवरून हे सगळ्यांना माहीतच आहे, मूळ लॅटिन नातालिस, जन्मदिवस. इ.स. ३५४ च्या एका रोमन पंचांगात २५ डिसेंबरपुढे 'अजिंक्याचा नातालिस' असं लिहिलंय, तो अजिंक्य सूर्यदेव समजतात, आणि ३० रथशर्यतींची नोंद. त्याच संग्रहात ख्रिस्तजन्मही २५ डिसेंबरलाच. गोव्यात नाताळला शेजाऱ्यांकडे नेवऱ्या-दोदोलचं ताट जातं त्याला 'कोंसुआद' म्हणतात, तोही पोर्तुगीजच. पण ते पेगन नाही हां, एक_शंका ओरडायच्या आत सांगतो.

रिकामी_वही :
सगळ्यांचे खूप आभार. आत्ता असं केलंय : 'पेगन' तसाच, पहिल्यांदा 'जुने देव मानणारे' जोडून. बेकिंग जिथे जे असेल ते. सॅटर्नेलियाला 'भेटी'. कोल्यादाचं वाक्य : 'पोरं गात गात दारात यायची आणि पोस्त म्हणून घरात भाजलेली बकरीच्या आकाराची बिस्किटं मागून न्यायची.' लुसियनच्या जागी 'वाटणी'. दानधर्म अख्ख्या लेखात एकदाच राहिला, बिशपच्या तोंडी.
एकच अडलंय, ते पोस्त की ती पोस्त?

भट्टीवाली :
आमच्याकडे ते.

टोपणनाव_घेतलेलं_आहे :
आमच्याकडे ती. आणि दिलीच नाही कधी कोणी.