होमपेजवर चार वेळा 'सप्रेम नमस्कार'

विषय: वेबसाइट बघितली का कोणी?

मंडळी,
काल रात्री झोप येत नव्हती म्हणून मंडळाची नवीन वेबसाइट उघडून बसलो. छान झाली आहे, रंग जरा भडक आहेत पण चालेल. मात्र होमपेजवर ज्या सहा चौकटी आहेत त्यातल्या चारांत फक्त "सप्रेम नमस्कार," एवढंच आहे आणि खाली "पुढे वाचा". कोणाचा नमस्कार, कशाबद्दल, काही पत्ता नाही. आणि माझ्या यलोस्टोनच्या लेखाची चौकट तर "तेव्हा मला आपल्या महाराष्" इथेच संपते. इतकी वर्षं परदेशात काढली पण महाराष्ट्राचा पाय मोडलेला पहिल्यांदाच बघितला. कृपया लक्ष घालावे.
— काका

---

विषय: उत्तर: वेबसाइट बघितली का कोणी?

काका, बघितलं. आधी हसले आणि मग लाज वाटली, कारण निम्मी चूक माझी आहे. उरलेली निम्मी तुमच्या सगळ्यांची, ती पण सांगते.

आपली साइट ड्रुपलवर, म्हणजे वेबसाइट चालवायच्या एका सॉफ्टवेअरवर आहे. त्यात लेख टाकायचा जो मोठा डबा असतो त्याच्या वरच्या बाजूला बारीक अक्षरात 'एडिट समरी' अशी लिंक असते. ती दाबली की सारांशासाठी वेगळा छोटा डबा उघडतो. ही लिंक नव्या साइटवर आजवर कोणीही दाबलेली नाही, मी बघितलं. सारांश रिकामा राहिला की ड्रुपल लेखाच्या सुरुवातीपासून स्वतःच तुकडा कापतं. मुळात ते ६०० कॅरेक्टरवर कापतं, पण आपल्या चौकटी लहान म्हणून मी ते २०० केलं, ही माझी चूक. कारण देवनागरीत मात्रा, अनुस्वार, पाय मोडायची खूण, सगळं वेगवेगळं मोजलं जातं. 'संक्रांत' आपल्याला तीन अक्षरं वाटतात, कंप्युटरच्या हिशोबात ती ८ आहेत. म्हणजे २०० मध्ये मराठी किती बसणार?

आता कापायचं कुठे, तर बिचारं ड्रुपल जरा अक्कल वापरायला बघतं. त्या २०० च्या आत परिच्छेद संपतोय का, नाहीतर वाक्य तरी संपतंय का ते शोधतं आणि तिथे थांबतं. आपल्या सूचना सगळ्या पत्रासारख्या. पहिल्या ओळीत "सप्रेम नमस्कार," मग एंटर, मग "सालाबादप्रमाणे यंदाही" वगैरे. झालं, नमस्कारापाशी परिच्छेद संपला, तिथेच कापलं. आणि काका, तुमचं पहिलं वाक्य मी मोजलं, ते सात ओळींचं आहे आणि मध्ये एकही पूर्णविराम नाही, त्यामुळे त्याला थांबायला जागाच सापडली नाही आणि त्याने २०० झाल्या झाल्या मध्येच सुरी चालवली.

तेव्हा विनंती अशी की लेख टाकणाऱ्याने सारांश स्वतः लिहावा, दोन किंवा तीन वाक्यं. लेखाचं पहिलं वाक्य उचलून तिथे चिकटवू नका, नमस्कार तर नकोच. वाचणारा ऑफिसात जेवताना मोबाईलवर बघतोय आणि उघडू की नको एवढंच ठरवतोय असं समजा. हळदीकुंकवासाठी मी असं केलंय: "पाच वर्षांखालच्या मुलांचं बोरन्हाण, हळदीकुंकू आणि गुळपोळीचं जेवण. जेवणासाठी नाव आधी द्यायचंय, बोरन्हाणासाठी नाही." जिचं मूल लहान आहे ती उघडेल, ज्याला गुळपोळी पाहिजे तो उघडेल, बाकीचे पुढे जातील, आणि जाऊ देत की.

अजून एक. ज्यांनी आपल्या जुन्या जूमला साइटवर काम केलंय त्यांनी सांभाळा. तिथे 'रीड मोअर'ची रेघ मारली की वरचा भाग होमपेजवर यायचा आणि आतल्या पानावरही राहायचा. इथे सारांश आतल्या पानावर दिसत नाही, आपण तसं ठेवलेलंच नाही. मागच्या महिन्यात कोणीतरी पहिला परिच्छेद भलत्याच कुठल्या डब्यात टाकला आणि उरलेला लेख खाली, आणि पान उघडलं की लेख "म्हणून मी तिला म्हटलं" इथून सुरू!
— वेबसाइटवाली

---

आमच्या मराठी शाळेचा ब्लॉग वर्डप्रेसवर आहे, तिथे अक्षरं नाही मोजत, शब्द मोजतात. एक्सर्प्ट, म्हणजे तिथला सारांश, रिकामं ठेवलं तर पहिले ५५ शब्द घेतो आणि पुढे कंसात तीन टिंबं लावतो. त्यामुळे महाराष्ट्राचा पाय शाबूत राहतो पण बाकी रड तीच, ५५ शब्दांत आमचे "प्रिय पालकहो" आणि हवामानाचं वर्णन संपत नाही. स्वतः लिहिलेलं एक्सर्प्ट मात्र तो कापत नाही, त्यामुळे एका पालकांनी त्यात आख्खा लेख परत चिकटवला होता आणि होमपेज स्क्रोल करता करता अंगठा दुखला.

सारांश एआयकडून करून घेतले तर? मी काकांच्या लेखावर करून बघितलं. "निसर्गाच्या कुशीतील एक अविस्मरणीय प्रवासानुभव" असं आलं. हे कुठल्याही प्रवासाला चालेल, पनवेल ते पेणलाही.
— शाळेची ताई

---

सगळं ठीक आहे पण माझं म्हणणं, सारांशातच तारीख, वेळ, हॉलचा पत्ता, पार्किंग सगळं टाकून द्या. लोक आत जाऊन वाचत नाहीत आणि मग मला फोन करतात. मागच्या रविवारी अकरा फोन आले, अकरा!! व्हॉट्सअॅपवर लिंक टाकली की खाली जे दिसतं ते पण तिथूनच येतं ना?
— सांस्कृतिक समिती

---

> सारांशातच तारीख, वेळ, हॉलचा पत्ता

दादा, हेच तर गेल्या वर्षी जुन्या साइटवर केलं होतं आपण, आठवतंय का? बर्फामुळे कार्यक्रम आठवडाभर पुढे गेला, हॉल बदलला, लेखात मी रात्री दीड वाजता सगळं बदललं आणि सारांशात बदलायचं राहिलं. हाताने लिहिलेला सारांश आपोआप बदलत नाही, लेखात काहीही करा तो आहे तसाच बसून राहतो. दोन कुटुंबं तिळगूळ घेऊन जुन्या हॉलच्या बंद दारासमोर उभी होती, त्यातलं एक तुमचंच!

व्हॉट्सअॅपचं बरोबर आहे, लिंकखाली काय दिसावं ते ठरवणारं ड्रुपलचं मेटाटॅग मॉड्यूल आपण तसं लावलंय, सारांश भरला की लिंकखाली तोच जातो. पण ते चित्र आणि त्या ओळी पाठवणाऱ्याच्या फोनवर तयार होतात आणि मेसेजबरोबर जातात. नंतर मी साइटवर काहीही सुधारलं तरी आधी गेलेल्या मेसेजमध्ये जुनाच हॉल दिसणार, आणि आपल्याकडे फॉरवर्ड किती दिवस फिरतात ते तुम्हाला सांगायला नको.

म्हणून तारीख, वेळ आणि जागा यांना मी वेगळी फील्ड केलीत. चौकटीत सारांशाच्या वर ती आपोआप येतात आणि आतल्या पानावरही तीच दिसतात, म्हणजे एकदाच बदलायचं. सारांशात फक्त काय आहे आणि कोणासाठी आहे. पार्किंग आतल्या पानावर, त्याला नकाशा लागतो. आणि सारांश भरल्याशिवाय लेख सेव्हच होणार नाही अशी सक्ती पण आजपासून लावलीय, त्यामुळे उद्या कोणी "साइट बिघडली" म्हणून मेल करू नका.

काका, तुमचा सारांश तुम्हीच द्या. २०० ची काळजी नको, हाताने लिहिलेला आपल्याकडे कापला जात नाही.
— वेबसाइटवाली

---

घ्या:

"यलोस्टोनचा ओल्ड फेथफुल हा गरम पाण्याचा फवारा साधारण दीड तासाने एकदा उडतो आणि आम्ही नेमके तो उडून गेल्यावर पोचलो. मग काय, बाकावर बसून दशम्या खाल्ल्या, आणि शेजारचा टोपीवाला माणूस साताऱ्याचा निघाला."

बास का?
— काका

---

काका, कमाल! आधी हाच लेख मी दोनदा अर्धा सोडला होता, आता हे वाचून सगळा वाचला. साताऱ्याचे गृहस्थ शेवटून तिसऱ्या परिच्छेदात सापडले. फक्त एक शंका, लेखात दशम्या कुठेच नाहीत, तिथे थालीपीठ लिहिलंय. सारांशात बदलू की लेखात?
— वेबसाइटवाली

---

हिला विचारून सांगतो.