नाशिकमध्ये वापरलेले चांगले कपडे धुंडाळण्याचा आनंद कोठे मिळेल?

गंगापूररोडकर यांचा प्रश्न

नोकरीच्या निमित्ताने चार वर्षे इंग्लंडमधील लेस्टर येथे राहून मी गेल्या दिवाळीत नाशिकला परतले. तेथे सोडून याव्या लागलेल्या ज्या गोष्टींची अजून हुरहूर वाटते, त्यांत शनिवारच्या सकाळी चॅरिटी शॉप धुंडाळण्याचा छंद फार वरचा आहे. ज्यांना या दुकानांची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लोक आपले वापरलेले पण सुस्थितीतील कपडे, पुस्तके, कपबश्या तेथे दान म्हणून आणून देतात. बहुतेक ठिकाणी विनावेतन काम करणारे स्वयंसेवक ते निवडून, किमतीची चिठ्ठी लावून मांडतात आणि विक्रीतून उरणारा पैसा दुकान चालवणाऱ्या सेवाभावी संस्थेच्या कामाला जातो. ऑक्सफॅम या मदतसंस्थेचे ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवरील दुकान १९४०च्या दशकात सुरू झाले. आज तिकडच्या बाजारपेठांत अशी दुकाने सर्रास दिसतात. देणारा प्राप्तिकर भरणारा असेल आणि त्याने तशी संमती दिली असेल, तर त्याच्या पिशवीला एक क्रमांक चिकटवतात आणि त्याचे कपडे विकून आलेल्या प्रत्येक पौंडामागे संस्थेला सरकारकडून आणखी २५ पेन्स मिळतात. हिशेबाची ही टापटीप मला फार आवडे.

मात्र मी तेथे समाजसेवा म्हणून जात नव्हते, हे प्रांजळपणे मान्य करते. दुकानातल्या दांड्यांवर शंभर कपडे टांगलेले असत आणि त्यांतले नव्वद कोणीही घेऊ नयेत असेच असत. कंटाळून पुढे सरकावे, तोच बोटांना काहीतरी जाड, उबदार लागायचे आणि डोळ्यांनी पाहण्याआधी हाताला कळायचे की ही खरी लोकर आहे. असाच एक करडा कोट मला आठ पौंडांत मिळाला. त्याचे अस्तर काखेत उसवलेले होते, एवढाच त्याचा दोष. निफाडकडे जानेवारीत पहाटे जावे लागले की आजही तोच अंगावर असतो. नव्या कपड्यांच्या दुकानात माझ्या मापाचे, या हंगामाचे, सगळ्यांकडे असलेले मिळते. तेथे जे मिळे ते एकच नग असे आणि मी उचलले नाही तर दुसरे कोणी उचलणार, ही धाकधूक त्यात असे.

नाशिकमध्ये असे काही आहे का? कॉलेज रोडच्या दुकानांतील सवलतीचे फलक मला नको आहेत. तो आनंद वेगळा आहे. शिवाय घरात एक अडचण आहे. सासूबाईंना हा प्रकार मुळीच पसंत नाही. ‘कोणाच्या अंगावरचे, कोणाच्या सुतकातले, काय ठाऊक,’ असे त्या म्हणतात आणि मला त्यांना दुखवायचे नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जुना नाशिककर

ताई, आपण वर्णन केलेले दुकान येथे माझ्या पाहण्यात नाही, परंतु त्यातील माल मात्र आपल्या दारावरूनच जातो. आमच्या लहानपणी दुपारी तीनच्या सुमारास बोहारीण यायची. डोक्यावर भांड्यांची पाटी, खांद्यावर कपड्यांचे गाठोडे. माझी आई आणि ती ओट्यावर बसून एका स्टीलच्या डब्यासाठी तासभर घासाघीस करीत. आई दोन साड्या आणि एक पँट पुढे करी, बोहारीण डब्याला हातही न लावता ‘अजून एक जरीची टाका’ म्हणे. ती प्रत्येक कपडा उजेडात धरून, शिवण ताणून, कॉलर उलटी करून पाही. कापड पारखण्याचे पहिले धडे मी तिच्याकडूनच घेतले, असे म्हणायला हरकत नाही.

ते गाठोडे पुढे निवडले जाते. जे अंगावर घालण्याजोगे असते ते धुऊन, बटणे लावून, इस्त्री करून बाजारात येते. फाटक्या सुती कापडाची पुसण्याची फडकी होतात आणि कारखान्यांत, गॅरेजांत यंत्रांचे तेल पुसायला जातात. आपल्या सातपूर-अंबडच्या एखाद्या शेडमध्ये कोणाच्या तरी धोतराचे शेवटचे दिवस जात असतील. गरम कपड्यांचे पानिपत हे आणखी मोठे ठाणे आहे. तेथे जुनी लोकर पिंजून, पुन्हा सूत काढून स्वस्त ब्लँकेटे विणली जातात.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. बुधवारी गोदाघाटावर भरणारा आठवडे बाजार आपण भाजीसाठी पाहिला असेल. भाजी, मसाले, लोखंडी तवे यांच्या पलीकडे जात राहिल्यास जमिनीवर चादर अंथरून कपड्यांचे ढीग लावलेले दिसतील. तेथे टांगणी नाही, आरसा नाही, कपडे घालून पाहायला आडोसा नाही. ‘कोणताही घ्या’ अशी आरोळी असते आणि दर ढिगाचा असतो. मला तेथे एकदा साठ रुपयांत खादीचा असा सदरा मिळाला की त्याची काजे हाताने केलेली होती. सकाळी लवकर जावे, कारण दहानंतर ढिगाच्या वरचा थर निवडून झालेला असतो आणि तळाशी हात घालण्याची चिकाटी फार थोड्यांत असते. पावसाळ्यात पूर असेल तर अर्थात जाऊ नये. ज्या मूर्तीवरून आम्ही पुराची उंची मोजतो त्या घाटावरील दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागले असताना बाजार कोठे भरला आहे हे विचारणाऱ्या पाहुण्याला आम्ही नाशिककर काय म्हणतो, ते येथे लिहीत नाही.

राहिला प्रश्न सासूबाईंचा. त्यांना आदरपूर्वक विचारून पाहावे की त्यांच्या मुलाला जन्मल्यावर पहिल्यांदा काय घातले होते. आपल्याकडे बऱ्याच घरांत बाळाला आधी नवे घालतच नाहीत. कोणाच्या तरी धडधाकट पोराचे मऊ झालेले झबले मागून आणतात आणि दुपटे आजीच्या जुन्या लुगड्याचे असते. सुतकाची शंका मात्र मी थट्टेवारी नेणार नाही, ती मनाची गोष्ट आहे. माझ्या पत्नीनेही पहिली दोन वर्षे असे कपडे देवघरात चालणार नाहीत, असा नियम ठेवला होता आणि मी तो पाळला.

पंचवटीची शिवणवाली

मी गेली एकोणीस वर्षे कपडे उसवण्याचे आणि बेतून देण्याचे काम करते. जुन्या कपड्यांचे गिऱ्हाईक माझ्याकडे नियमित येते आणि त्यांतले निम्मे तरी चुकीचा कपडा आणतात. म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

कपडा हातात आला की रंग आणि नक्षी पाहू नका, तो आधी उलटा करा. आतल्या शिवणीला दोन्ही बाजूंनी किती कापड सोडले आहे ते पाहा. जुन्या शिंप्यांनी शिवलेल्या ब्लाउजात आणि पँटीच्या मागच्या शिवणीत इंच-दीड इंच कापड दाबलेले असते, त्यामुळे तो सैल करता येतो. हल्लीच्या तयार कपड्यात बोटभरही नसते, तेथे माझा इलाज चालत नाही. मोठा कपडा लहान करता येतो, परंतु खांदा मोठा असेल तर नाद सोडा. खांदा उतरवायचा म्हणजे बाही, कॉलर सगळेच उसवावे लागते आणि मजुरी कपड्याच्या चौपट होते. साठ रुपयांचा शर्ट दोनशे रुपये खर्चून बसवून घेणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या आनंदात मी मोडता घालत नाही, पण त्याला स्वस्त म्हणू नये.

काख, कॉलरची घडी आणि पँटीच्या मांड्यांचा आतला भाग उजेडासमोर धरावा. तेथे कापड विरळ दिसले तर ते एक-दोन धुण्यांत जाईल. भोक असल्यास घाबरू नका, रफू होते. विरले असल्यास रफू धरत नाही, कारण टाका ज्या धाग्याला घालायचा तो धागाच मेलेला असतो. साडी असेल तर फॉलची कड एका ठिकाणी थोडी उचलून आत डोकवा. फॉलखाली ऊन लागलेले नसते, त्यामुळे मूळ रंग तेथे जसाच्या तसा असतो आणि बाहेरची साडी किती उडाली आहे हे लगेच कळते. ही खूण विकणाऱ्यांनाही ठाऊक असते, पण ते आपण होऊन सांगत नाहीत.

सूत ओळखायचे असल्यास शिवणीतला एक सुटा धागा घेऊन घरी, कपड्यापासून दूर, जाळून पाहावा. सुताला कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ राख पडते. रेशीम आणि लोकर केस जळल्यासारखी वासतात. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. पैठणी म्हणून कोणी काही दाखवले तर पदर उलटा करा. हातमागावर विणलेल्या येवल्याच्या पैठणीत मोर असो वा मुनिया, नक्षी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखीच दिसते. मागच्या बाजूला लोंबणारे किंवा कापलेले धागे असतील तर ती यंत्रावरची आहे. यंत्रावरची साडी वाईट असते असे नाही, फक्त तिची किंमत वेगळी.

येथे माझे एक दुःख सांगते. आमच्या आजीचा लग्नातला शालू जुनी जरी घेणाऱ्या माणसाला वजनावर दिला गेला. तो चांदी काढून घेण्यासाठी जरी जाळतो, हे तेव्हा घरात कोणाला ठाऊक नव्हते. आज मी जुन्या साड्यांच्या ढिगापाशी थांबते ती अंशतः त्या शालूमुळेच.

स्वच्छतेबद्दल लोक फार घाबरतात. खरजेचे किडे माणसाच्या अंगाबाहेर साधारण दोन-तीन दिवसांपलीकडे जगत नाहीत, अंगावरच्या उवाही आठवडाभर उपाशी टिकत नाहीत. म्हणून आणलेला कपडा पिशवीत घट्ट बांधून आठ दिवस बाजूला ठेवायचा, नंतर सुती असेल तर कडक गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवायचा आणि शिवणींवरून उलट्या बाजूने इस्त्री फिरवायची. रेशीम आणि लोकर गरम पाण्यात घालू नये. ती ड्रायक्लीनला द्यावी.

स्पष्टवक्ता

वरील सर्व वाचून मला एक गोष्ट खटकली, ती मांडतो. आपण ज्या ढिगाला आनंदाचे ठिकाण म्हणत आहात, तो बांधकामावरच्या मजुरांसाठी आणि शेतावर जाणाऱ्या बायांसाठी लावलेला असतो. त्यांना मुलाच्या शाळेसाठी पँट हवी असते, त्यांना हाताने केलेल्या काजांचे कौतुक नसते. गंगापूर रोडवरून गाडीने येऊन वरचा थर निवडून नेणे आणि वर त्यातही भाव पाडून मागणे मला बरे दिसत नाही. इंग्लंडमधील दुकानात आपण दिलेला प्रत्येक पौंड संस्थेच्या कामाला हातभार लावतो, म्हणून तेथे श्रीमंताने खरेदी केली तर उलट चांगलेच. येथे तसे नाही. काही शहरांत ‘माणुसकीची भिंत’ उभारून तेथे कपडे टांगतात, तेथे तर आपल्यासारख्यांनी केवळ ठेवायला जावे, उचलायला नव्हे. गूंजसारखी संस्था १९९९ पासून शहरांतील कपडे गावांत नेते आणि गावकऱ्यांनी विहीर, रस्ता, बांध अशा कामात श्रम दिले की त्याच्या बदल्यात देते. भिकेचा भाव त्यात येऊ नये, हा हेतू. हा विचार मला अधिक पटतो.

आणखी एक. हिवाळ्यात परदेशी जाकिटांचे ढीग दिसतात आणि विकणारा ‘एक्सपोर्टचा माल’ म्हणतो. त्यांतील पुष्कळ सरळ वापरलेली असतात. आपल्याकडे वापरलेल्या कपड्यांच्या आयातीवर निर्बंध आहेत आणि चिंध्या म्हणून येणारा माल घालता येणार नाही असा आधीच चिरलेला असावा, अशी अपेक्षा असते. तेव्हा अखंड जाकीट कोठून आले, हा प्रश्न मनात ठेवावा.

जुना नाशिककर

स्पष्टवक्ता यांचा पहिला मुद्दा अर्धा मान्य आहे. लहान मुलांचे कपडे, साध्या पँटी आणि स्वेटर यांना मी हात लावत नाही, आणि तसा दंडक प्रत्येकाने स्वतःला घालून घ्यावा. परंतु उरलेला अर्धा असा की ढिगामागे बसलेली बाई हीसुद्धा गरीबच आहे. तिने गल्लोगल्ली फिरून, पदरची भांडी देऊन हा माल जमवला आहे. हातकाजांचा सदरा मजुराला नकोच असतो, तो तिच्याकडे तीन बुधवार पडून राहतो. तो मी नेला, आणि घासाघीस न करता नेला, तर तिचे नुकसान कसे होते ते मला समजत नाही. भाव न करणे मात्र मला वयाच्या पन्नाशीनंतर जमले, तोवर आईचे संस्कार आड येत होते.

गंगापूररोडकर

सर्वांचे मनापासून आभार. काल बुधवारी सकाळी सात वाजता घाटावर गेले. पहिला अर्धा तास मी नुसती उभी होते, कारण ढिगात हात घालायला संकोच वाटत होता. लेस्टरच्या टांगणीवर कपडे सरकवणे आणि येथे चादरीपाशी उकिडवे बसणे यांत बरेच अंतर आहे. शेवटी विकणाऱ्या मावशींनीच ‘बसा की, पाहायला पैसे लागत नाहीत’ असे म्हणून पाट पुढे सरकवला. पन्नास-साठ साड्या उलटून झाल्यावर एक सहावारी इरकल लागली. वरून ती धुवट, राखी दिसत होती. शिवणवालींनी सांगितल्याप्रमाणे फॉलची कड उचलली, तर आत गर्द निळा रंग, नुकताच मागावरून उतरल्यासारखा. मावशी माझ्याकडे पाहून हसल्या आणि त्यांनी शंभराऐवजी दीडशे सांगितले. मी दीडशे दिले.

सध्या साडी पिशवीत बांधून गॅलरीत ठेवली आहे. सासूबाईंना मी ती दाखवली. त्यांनी हात लावला नाही, पण पदर टोपतेनी, म्हणजे इरकलीचा लाल-पांढऱ्या नक्षीचा पारंपरिक पदर, आहे का, एवढे विचारले. तो तसाच आहे. आता प्रश्न असा की उडालेला भाग पुन्हा रंगवून घ्यावा का, की आहे तशीच नेसावी?

पंचवटीची शिवणवाली

रंगवू नका. काठ आणि पदर यांवर नवा रंग चढून सगळी एकच होईल. फॉल जुना असेल तर आकसलेला असेल, तो काढून नवा लावा, आधी पाण्यात भिजवून आटवलेला. आणि सासूबाईंनी टोपतेनी विचारली असेल, तर आठ दिवस संपल्यावर पिशवी त्यांच्यासमोर सोडा.