पानशेतचं पाणी आणि दोघी जावा

एकाच प्रसंगातून गेलेली माणसं सारखीच घाबरतात, असं म्हणतात, पण मला ते पटत नाही. १२ जुलै १९६१ ला पुण्याजवळचं पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचंही. आजी आणि तिची धाकटी जाऊ नारायण पेठेतल्या एकाच वाड्यातून नेसत्या वस्त्रानिशी पर्वतीकडे पळाल्या. आजी पुढे जन्मभर पाऊस लागला की ट्रंक माळ्यावर चढवायची. लकडी पुलावरून जाताना नदीकडे बघायचीही नाही. धाकटी मात्र खडकवासल्यातून पाणी सोडलं की नदीवरचा बुटका भिडे पूल बुडालेला बघायला हजर! (अर्धं पुणं तिथेच असतं म्हणा.) घरचे एकीला भित्री, दुसरीला धीराची म्हणायचे. मला ते अन्यायाचं वाटतं. पळताना आजीच्या कडेवर दोन महिन्यांचे माझे बाबा होते. धाकटीचे हात मोकळे होते.