जाळी टिकायची ती कातामुळे
इंग्लंडमधल्या हेस्टिंग्जच्या किनाऱ्यावरची उंच, काळी लाकडी खोपटी मासेमारीची जाळी वाळवायला होती, असा एक समज आहे. तसं नाही. जाळी वाळायची बाहेर गोट्यांवर. खोपट्यात कोरडी जाळी, दोर, शिडं ठेवत. पाया जेमतेम ८-९ फूट चौरस, कारण किनाऱ्यावर जागाच कमी, म्हणून मजले चढवले. काळा रंग डांबराचा.

पण नुसत्या कोरडेपणावर सुती जाळं तगत नाही, ओलं राहिलं की कुजतं. त्यावर इंग्लंडच्या बंदरांत उपाय होता चक्क कात! विड्यातलाच, बहुतेक ब्रह्मदेशातून येणारा. ढेपा फोडून तांब्याच्या हंड्यात उकळायच्या, जाळं त्यात मुरवायचं, निथळून वाळवायचं. समुद्रात कात हळूहळू धुऊन जातो, त्यामुळे हंगामात हे पुन्हापुन्हा करावं लागे. नायलॉन आल्यावर हंडे थंडावले.